ट्रंकेतला फॉर्म

२ एप्रिल १९९०, सोमवार
हैदराबादचा फॉर्म आला. (यापुढे है.) एम.एस्सी., रसायन. सरकारी विद्यापीठ, वसतिगृह आवारातच. शेवटची तारीख ३० एप्रिल. आईनं एवढंच विचारलं, तिथं सुकी मासळी मिळते का.
मामानं दापोड्याच्या एका गोदामात क्लार्कची जागा बघून ठेवलीय. चांगली माणसं, घरापासून जवळ. त्या ‘जवळ’चीच मला भीती वाटते.

१२ एप्रिल, गुरुवार
फॉर्म भरून झाला. प्रिन्सिपॉलांची सही, दाखल्यांच्या साक्षांकित प्रती, सगळं. उद्या गुड फ्रायडे, पोस्ट बंद, परवा जयंती, मग रविवार. म्हटलं आत्ताच टाकून येते. बाबा नाही म्हणाले. “जयंती होऊ दे. साहेबांच्या फोटोफुडं ठेवू, मंग पाठवू. आपल्या वस्तीतनं कोन गेलाय आजवर येवढ्या लांब?”
बाबा लूमवर जॉबर. दिवसभर बिघडलेले माग दुरुस्त करतात, घाई त्यांना मान्य नाही. अजून पंधरा दिवस हातात आहेत म्हणून मी ऐकलं.

१५ एप्रिल, रविवार
काल विहारात मोठ्या फोटोपुढे, मेणबत्त्यांच्या बाजूला, माझा फॉर्म. बाबांनी माइकवरून सांगितलं, “माझी मुलगी हैदराबादला शिकायला जानार.” अहो जाणार नाही, अर्ज करणार. लोक फोटोला हार घालून मग फॉर्मकडे बघायचे. शेजारच्या शकूमावशीनं तर फॉर्मलाच नमस्कार केला. लाजेनं मेले. आणि आवडलंही, इथं खोटं कशाला लिहू.
शुक्रवारी लूम बंद असतात, तेव्हा बाबा पोस्टात जाऊन रजिस्टर करणार. मी आता फक्त परीक्षा.

२ मे, बुधवार
परीक्षा संपली. सकाळी बाबांना म्हटलं, रजिस्टरची पावती द्या, जपून ठेवते.
“कसली पावती? फॉर्म तूच न्हाय का उचललास, त्या दिशी फोटोफुडनं?”
मी नाही उचलला. मला वाटलं त्यांनी. त्यांना वाटलं मी. तीस तारीख परवा होऊन गेली. पुढे काही लिहवत

३ मे
रडून झालं. बाबा जेवले नाहीत.
शोध शेवटी आईनं लावला. जयंती झाली की फोटोखालचं निळं कापड, दिव्यांच्या माळा, जे असेल ते काशिनाथकाका गुंडाळून विहाराच्या ट्रंकेत टाकतात आणि कुलूप लावतात. ती ट्रंक उघडते पुढच्या जयंतीला. काका कमिटीचे सेक्रेटरी, किल्ली त्यांच्याकडे, आणि ते मुलीच्या सासरी, गणेशपुरीला.
म्हणजे माझा फॉर्म आता एकोणीसशे एक्क्याण्णवची वाट बघत पडलाय.

४ मे, शुक्रवार
बाबांना सुट्टी. दोघं एसटीनं गणेशपुरीला. काका व्याह्यांच्या शेतावर पालापाचोळा पेटवून भाताच्या रोपांसाठी राब भाजत होते, तोंडाला राख. ऐकून खालीच बसले. “आरं, मला वाटला पूजेतलाच कागद हाय. घडी मोडून बगितला न्हाय.”
किल्ली घेऊन परत. ट्रंक उघडली. निळ्या कापडात फॉर्म, सरळ, न चुरगळलेला. एका कोपऱ्याला झेंडूचा पिवळा डाग. पाठवायचा ठरवलं, उशीर तर उशीर.

५ मे
उशीर का झाला याचं पत्र जोडायला हवं. आई दवाखान्यात आया आहे. म्हणाली, डॉक्टर चांगले आहेत, कावीळ लिहून देतील. मी इंग्रजीत पत्र लिहूनही टाकलं, तीन आठवडे अंथरुणाला खिळले होते म्हणून. फॉर्मला तर कावीळ झालीच आहे.

६ मे, रविवार
बाबांना पत्र मराठीत सांगितलं. पूर्ण ऐकलं त्यांनी.
“तू आजारी कवा व्हतीस?”
म्हटलं, असं लिहावं लागतं.
“साहेबांच्या फुडं ठेवलेला कागद हाय त्यो. त्याच्यासंगं खोटं न्हाय जानार. लिव, बापाची चूक झाली. मी सही करतो.”
बाबांनी चूक कबूल केलेली मी कधी पाहिली नव्हती. आईनंही नसेल. तरी मला रागच आला. कावीळ कुणालाही पटते. फोटोपुढे फॉर्म ठेवला हे तिकडच्या साहेबाला कसं पटायचं? रागातच लिहिलं. चार वाक्यं झाली. इंग्रजीत ते फारच साधं दिसतं. खाली बाबांची मराठी सही, सावकाश केलेली, ओळ सोडून वर चढलेली.

७ मे
रजिस्टर केलं. मी, स्वतः. पावती या वहीच्या कव्हरात.

१९ मे
रजिस्टरचं पोचकार्ड परत आलं. जांभळा शिक्का, कुणाची तरी घाईतली सही. बाबा उलटसुलट करून बघत होते.

११ जून, सोमवार
है.चं पत्र. दोन ओळी. अर्ज ठेवून घेतलाय. वेळेत आलेल्यांची यादी लागल्यावर जागा उरली तर कळवू. कधी, ते नाही. उशिराच्या कारणाबद्दल एक शब्द नाही. ती चार वाक्यं कुणीतरी वाचली असावीत असं फार वाटतं.
मामा येऊन गेला. दापोड्याला शुक्रवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचंय.

१४ जून, गुरुवार
बाबांना विचारलं, काय करू?
“मी आता काय न्हाय बोलनार. येकदा बोललो तं काय झालं बगितलंस ना.”
त्यांचं हे गप्प राहणं मला त्या चुकीपेक्षा जड जातंय. म्हटलं, बाबा, फॉर्म फोटोपुढे ठेवलात ते मला आवडलं होतं. ते हातातला पाना पुसत बसले. पाना आधीच स्वच्छ होता.

१५ जून, शुक्रवार
दापोड्याला ‘नाही’ असं कळवलं. मामा म्हणाला, “तिकडचा पत्ता न्हाय आन् हातातली पन सोडतेस?”
दुपारी काशिनाथकाका आले, डोक्यावर विहाराची ट्रंक. कमिटी नवी घेणार, ही माझ्यासाठी, वसतिगृहात न्यायला. आतून पुसूनबिसून आणलेली. बाबा म्हणाले, “आजून बोलावनं न्हाय आलं, काशा.” काका म्हणाले, “येल तवा लागंल का न्हाय?” आणि चहा न घेताच गेले.
आईनं वास जावा म्हणून ट्रंक दाराशी उघडी ठेवलीय. मगाशी बघितलं तर बाबा तिच्यात वाकून कोपरा न् कोपरा चाचपत होते. म्हटलं, काय शोधताय?
“काय न्हाय. आनखी कोनाचा कागद तं न्हाय ना राह्यला, बगतो.”