ससाण्यांच्या टेकाडाची व्यवस्था

मी, जयवंत गेणभाऊ रोकडे, वय ६३ वर्षे, एस.टी.चा सेवानिवृत्त वाहक, राहणार डिंभे, तालुका आंबेगाव, जिल्हा पुणे, माझ्या पश्चात माझ्या मिळकतीची व्यवस्था कशी व्हावी हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. कोणी सांगितले म्हणून लिहीत नाही आणि कोणाला भिऊनही नाही. बुद्धी ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत.

माझी पत्नी जानकाबाई जुलै २००६ मध्ये वारली. मागे मुलगा राकेश, मुलगी प्रज्ञा आणि धाकटा भाऊ भिमाजी आहेत. तिघांनी हा कागद एकत्र बसून वाचावा. वकीलसाहेब म्हणाले, यातला निम्मा मजकूर अनावश्यक आहे. तो निम्मा कोणता, हे मी त्यांना विचारले नाही.

१. डिंभे येथील राहते घर राकेशला द्यावे. तो चाकणला कंपनीत आहे, पण माणसाला गावात स्वतःचे दार असावे. माळ्याच्या आढ्याला टांगलेली गाठोडी मात्र घराबरोबर जात नाहीत. त्यांचे कलम पुढे आहे.

२. पोस्टातील बचत आणि फंडाची शिल्लक राकेश व प्रज्ञा यांनी समान वाटून घ्यावी. यावर बोलण्यासारखे काही नाही.

३. आता टेकाड. धरणाचे पाणी चढले तेव्हा आमची भातखाचरे बुडाली आणि वरचा खडकाळ तुकडा तेवढा उरला. त्याच्या पूर्वेस ओढा, दक्षिणेस गावची पायवाट, पश्चिमेस भिमाजीचा बांध आणि उत्तरेस धरणाचे पाणी. वरच्या बाजूस हद्द नाही. वकीलसाहेब म्हणाले, वरची बाजू लिहायची पद्धत नसते. मी म्हणालो, या जागेपुरती लिहा.

पाणी आले त्या वर्षी भात नव्हते. दसरा झाल्यावर जानकाबाई त्या खडकावर जाऊन बसू लागली. मला वाटले, बुडालेली खाचरे बघत असेल. घाटघरच्या मुक्कामी एस.टी.ची पाळी संपवून मी घरी आलो आणि तिला न्यायला वर गेलो, तर तिची मान वर होती. उत्तरेकडून पाण्यावरून ससाणे येत होते. एकामागून एक, पंख न हलवता, आमच्या डोक्यावरून दक्षिणेला. तिच्या ओटीत हिरडे होते. एक ससाणा गेला की एक हिरडा डालड्याच्या डब्यात टाकत होती. गरुड गेला तर चिंचोका.

मी विचारले, "हे कशाला?"

"भाताचं भारं मोजायची सवय हाताला. यंदा भारं न्हाईत. हात रिकामं ठिवू का?"

हंगाम संपल्यावर तिने जुन्या लुगड्याचे फडके फाडून त्यात हिरडे-चिंचोके बांधले आणि गाठोडे आढ्याला टांगले. पुढे दरवर्षी तसेच. कोणते वर्ष ते फडक्याच्या रंगावरून ओळखायचे. घार मोजायची नाही हा तिचा नियम. "घार आपल्या गावची. तिला पावण्यात धरू नका."

वस्तीतली माणसं दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जायची. ही दोनदा गेली आणि दोन्ही वेळा परतीच्या गाडीत खिडकीला डोळे लावून बसली. बायका चिडवायच्या, "जानकाबाय, तुझं पावणं उपाशी राहिलं का गं?" मलाही सोडत नसे. म्हणायची, "तुमच्या गाडीपरीस माझं ससाणं टायमावर. आन तिकीट बी मागत न्हाईत." नोकरीत मी कितीतरी माणसे मोजली, पण त्यातले कोणी गेल्यावर माझी मान वर राहिली नाही. तिची राहायची. त्या खडकावर तिला बसलेली पाहून मला जो अभिमान वाटायचा तो तिला कधी बोलून दाखवला नाही. येथे लिहितो, म्हणजे नोंद राहील.

४. भिमाजीबद्दल. १९९९ च्या उन्हाळ्यात हिरड्याला भाव आला होता. व्यापाऱ्याचा टेम्पो दारात उभा, आणि भिमाजीने घरातला सगळा हिरडा पोत्यात भरला. आढ्यावरची दोन गाठोडीही सोडली. त्याला वाटले, वहिनीने राखून ठेवलेला माल. चिंचोके पोरांना खेळायला दिले. अशा रीतीने १९९७ आणि १९९८ सालचे ससाणे घोडेगावच्या बाजारात विकले गेले.

जानकाबाई ओरडली नाही. एवढेच म्हणाली, "भावजी, घर इकलं असतं तर मी दुसरं बांधलं असतं."

भिमाजी पैसे घेऊन आला. तिने हात लावला नाही. मग तो म्हणाला, "वैनी, दोन्ही फडकी अदमासानं भरून देऊ का? कुणाला कळतंय?"

"पोरं अदमासानं मोजता का तुमी?"

ती दोन फडकी तिने रिकामीच गाठ मारून पुन्हा टांगली. आजही तशीच आहेत. ती कोणीही, कोणत्याही कारणाने भरू नयेत.

त्यानंतर ती त्याच्याशी बोलेना. पण त्या वर्षी दसरा झाल्यावर भिमाजी आपला डबा आणि आपले हिरडे घेऊन टेकाडावर गेला आणि तिच्या मागे, चार हात अंतरावर बसला. सगळा हंगाम बसला. एकदा त्याने घार मोजली. जानकाबाई उठली, त्याच्या डब्यातला हिरडा काढून ओढ्यात भिरकावला आणि परत जागेवर बसली. तो म्हणाला, "चुकलं." ती म्हणाली, "डावीकडं बघा, दोन चाललं." अबोला तिथे संपला. पुढची सर्व वर्षे दोघांनी मोजले. संध्याकाळी डबे शेजारी ठेवून जुळवायचे. जुळले नाहीत तर दोघांची वेगळी गाठोडी बांधायची, भांडण नाही. जोडगाठोडी टांगलेली आहेत ती त्या वर्षांची.

५. पुण्याच्या एका पार्टीला टेकाडावर फार्महाऊस बांधायचे आहे. राकेशने त्यांना जागा दाखवली. मला म्हणाला, "बाबा, त्या खडकावर पिकतं काय?" राकेश, तुझ्या पहिल्या पगारातून तू आईला दुर्बीण आणून दिलीस, तेव्हा हा प्रश्न तुला पडला नव्हता. काय पिकते ते आढ्याला टांगले आहे. तुझ्यावर राग नाही. पण टेकाड तुला देत नाही.

टेकाड प्रज्ञाला द्यावे. ती जुन्नरला दवाखान्यात परिचारिका आहे आणि सुट्टी हंगामातच घेते. तिने ते विकू नये, गहाण टाकू नये, वर भिंत किंवा छप्पर बांधू नये. भिमाजीला तेथे बसण्याचा हक्क तहहयात राहील. दुर्बीण राकेशला परत द्यावी, मात्र हंगामात एक दिवस तरी त्याने ती घेऊन वर यावे. पोरांनाही आणावे.

६. भिमाजीला हा हक्क का, हे राकेशला कळावे म्हणून लिहितो. जानकाबाई गेली त्या वर्षी मी वर गेलो नाही. दसरा आला, गेला, मी खिडकीही उघडली नाही. मला वाटले, मोजणी तिच्याबरोबर संपली. थंडी पडल्यावर एके दिवशी भिमाजी दारात आला. हातात डबा.

"दादा, वैनीच्या लुगड्याचं फडकं पायजे."

"कशाला?"

"यंदाचं बांधायचंय. मोजून झालं."

मी पेटी उघडली. बुद्ध जयंतीला ती नेसायची त्या पांढऱ्या लुगड्याचा पदर फाडून दिला. गाठ त्याने मारली. मी स्टूल धरले.

म्हणून टेकाडाच्या बाबतीत तो माझा भाऊ म्हणून नव्हे, जानकाबाईच्या कामाचा वारस म्हणून समजावा.

७. सर्व गाठोडी प्रज्ञाकडे जावीत. जानकाबाईची लुगडी कोणी वाटून घेऊ नयेत. पेटीत ठेवावीत आणि दरवर्षी एक फडके फाडावे. लुगडी संपली तर माझे खाकी शर्ट आहेत. कापड जाड आहे, गाठ चांगली बसेल.

८. माझा अंत्यविधी त्रिशरण-पंचशील म्हणून साधेपणाने करावा. तो दसरा ते थंडी पडेपर्यंतच्या दिवसांत आला, तर भिमाजीला हाक मारून खाली बोलावू नये. ऊन उतरले की तो येईल. तोपर्यंत मला थांबवून ठेवावे. मी थांबेन.

हे मृत्युपत्र वाचून, समजून, खालील साक्षीदारांसमोर सही केली. ज्याला लाभ मिळतो त्याने साक्षीदार होऊ नये असे वकीलसाहेबांनी सांगितल्यामुळे भिमाजीची सही नाही. तो तसाही घरी नाही. सकाळपासून उत्तरेचा वारा आहे.

सही: जयवंत गेणभाऊ रोकडे

साक्षीदार:
१) दादाभाऊ केदारी, सेवानिवृत्त चालक, घाटघर गाडीवर माझे जोडीदार
२) इंद्रायणी लोहकरे, अंगणवाडी सेविका, डिंभे

ठिकाण: डिंभे
दिनांक: २८ ऑक्टोबर २००७