मालगुंडच्या घराची मालकीण

मी, श्रीमती कुसुम राजाराम शेवडे, वय वर्षे ७२, निवृत्त चित्रकला शिक्षिका, राहणार मालगुंड, तालुका व जिल्हा रत्नागिरी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हस्ताक्षरात लिहीत आहे. येत्या सोमवारी कोल्हापूरला माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, काळजी करू नका. काळजी करत नाही. पण माझ्यामागे या घरात काय पाडावे आणि कशाला हात लावू नये, हे लिहून ठेवल्याशिवाय मी गाडीत बसणार नाही. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला सोबत जोडला आहे. हे मी कोणाच्या दबावाखाली लिहिलेले नाही. दबाव आणून पाहिला गेला, त्याबद्दल पुढे येईलच.

१. मालगुंड येथील चिऱ्याचे घर व भोवतालची सात गुंठे जागा मी माझ्या नोकरीच्या उत्पन्नातून घेतली असून ती माझ्या एकटीच्या नावावर आहे. यजमानांच्या आंबा बागेतील माझा हिस्सा मी ते गेल्यावर लगेच मुलगा चि. शौनक याच्या नावे सोडून दिला आहे. तेव्हा त्याला काहीच मिळाले नाही, असे कोणी म्हणू नये.

२. वरील घर व जागा, आतील सर्व सामानासह, मी माझ्या नणंदेला, कु. मैना गोविंद शेवडे, वय ६५, हिला पूर्ण मालकी हक्काने देत आहे. वकिलांनी सुचवले होते की तिला फक्त "हयातभर राहण्याचा हक्क" द्यावा. मी नाही म्हटले. राहू देणे वेगळे आणि घर तिचे असणे वेगळे. याचे कारण सविस्तर लिहिते, म्हणजे उद्या कोणी कोर्टात जाऊन मला वेडी ठरवायला नको.

मैनेला २०१६ साली अर्धांगवायू झाला. उजवे अंग गेले, बोलणे जड झाले. यजमानांचा बहिणीवर फार जीव. त्यांनी तिच्यासाठी पश्चिमेची खोली हौसेने सजवून घेतली. छताखाली प्लास्टरचे नक्षीदार खोटे छत, समुद्र दिसावा म्हणून न उघडणारी भिंतभर काच, चॉकलेटी पडदे, एसी. पूर्वेच्या भिंतीला जी एक खिडकी होती तिच्यापुढे सनमायकाचे कपाट उभे राहिले. मी चित्रकला शिकवणारी बाई; मलाही तेव्हा ती खोली सुंदर वाटली, हे कबूल करते.

मे २०२१च्या वादळात पडवीचे छप्पर उडाले, बाकीच्या खोल्यांत पाणी शिरले आणि वीज गेली ती नऊ दिवस आलीच नाही. कोरडी राहिली ती मैनेचीच खोली. काच उघडत नव्हती. वरचा स्लॅब तापायचा, दुपारनंतर ऊन काचेतून थेट खाटेवर यायचे. कामाला येणारी सखू आणि मी आळीपाळीने सुपाने वारा घालत होतो. सातव्या दिवशी मैनेची कूस बदलली तेव्हा पाठीला दोन ठिकाणी जखमा दिसल्या. ती एकदाही कण्हली नव्हती. मी विचारले, "मैने, सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली, "दादाने... एवढं... केलंय."

वीज आली, जखमा भरल्या. मग एक दिवस मैनेला माजघरात निजवून मी स्वतः तिच्या खाटेवर पडले. सकाळी सहा ते संध्याकाळी सात, उजवा हात न हलवता. सखूला खडू दिला आणि ऊन जिथे पडेल तिथे दर तासाला जमिनीवर रेघ मारायला सांगितली. त्या दिवशी मला कळले की खोली दारात उभ्या राहणाऱ्याला दिसावी म्हणून सजवली होती. खाटेवरून फक्त छत दिसत होते, आणि जी काच समुद्रासाठी लावली तिच्यातून डोळ्यांत ऊन.

दुसऱ्या दिवशी आमचे सुतार आत्माराम यांना बोलावले. यजमान संतापले. "माझ्या बहिणीची खोली मोडायची नाही." मी म्हटले, "घर माझं आहे. खोली तिची आहे. तुमचा त्यात फक्त एसी आहे." हे मी लागट बोलले. ते तीन आठवडे माझ्याशी बोलले नाहीत.

खोटे छत काढले, उंची दीड फुटाने वाढली. स्लॅबवर हातभर पोकळी ठेवून मंगलोरी कौले चढवली. काचेच्या जागी चिऱ्याची भिंत आली, तिला वर छताजवळ झरोका ठेवला, गरम हवा निघून जायला. कपाट त्याच भिंतीला लावले. उन्हाचा ताप कपड्यांनी सोसावा, माणसाने नव्हे. पूर्वेची खिडकी मी जमिनीपासून दोन फुटांवर आणायला सांगितली, तेव्हा आत्माराम म्हणाले, "बाई, येवढी खाली खिडकी कोन लावतो? लोकां हसतील." मी म्हटले, "आत्माराम, लोक उभे राहून हसतील. ही आडवी पडून बघणार आहे." भिंतींना चुना दिला, त्यात चिमूटभर पिवडीची पिवळी माती, म्हणजे दिवसा दिवा लागत नाही. कौलांवर सौर पॅनेल बसवले. त्यावर घरातले दिवे आणि तीन पंखे वीज गेली तरी चालतात.

पुढच्या एप्रिलमधल्या एका दुपारी यजमान घरात कुठे दिसेनात. ते मैनेच्या खाटेशेजारी जमिनीवर पंचा पसरून गाढ झोपलेले सापडले. मैनेने ओठांवर डावे बोट ठेवून मला गप्प राहायला सांगितले. एसी त्यांनी स्वतः उतरवून विकला. २०२३ साली ते गेले.

३. गेल्या दिवाळीत चि. शौनक ठाण्याहून एका सजावटकाराला घेऊन आला. घराचे होमस्टे करायचे, पश्चिमेला पुन्हा पूर्ण काच, प्रत्येक खोलीत एसी, आणि मैनेला शहरातल्या एखाद्या शुश्रूषा केंद्रात ठेवायचे, असा बेत होता. मोबाइलवरची चित्रे छान होती. तो म्हणाला, "आई, आत्याला आता सगळ्या खोल्या सारख्याच." भिंतीपलीकडे मैना जागी होती. दुसऱ्या दिवशी, चहाच्या वेळी, तिने त्याचे उत्तर जुळवून म्हटले: "वहिनी... सारख्या... नाहीत." त्यानंतर शौनकने सहीसाठी तीनदा कागद पाठवले. मी ते तसेच परत केले.

शौनक, तू वाईट मुलगा नाहीस. तू घाईतला मुलगा आहेस. तुझ्या बाबांचे घड्याळ, माझी सर्व चित्रे आणि माळ्यावरची पुस्तके तुला देत आहे.

४. बँकेतील माझ्या ठेवींमधून मैनेचा सांभाळ, औषधपाणी व सखूचा पगार चालावा. मैनेच्या पश्चात उरेल ते शौनकला मिळावे. माझ्या सोन्याच्या पाटल्या सखूला द्याव्यात, वादळातल्या नऊ दिवसांसाठी.

५. माझा ड्रॉइंग बोर्ड व पितळी कंपासपेटी आत्माराम यांना द्यावी. ते आता तीन घरांत दोन फुटांवर खिडकी लावून आले आहेत आणि कल्पना स्वतःची असल्याचे सांगतात. सांगू देत.

६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझ्या जुन्या सहशिक्षिका श्रीमती नीरजा आगाशे यांनी करावी. त्या कोणाचे ऐकत नाहीत, म्हणूनच त्यांची नेमणूक केली आहे.

७. हे शेवटचे कलम कच्च्या मसुद्यात नव्हते. परवा मी मसुदा मैनेला वाचून दाखवला. तिने खिडकीवरची नजर दाराकडे वळवली. मग म्हणाली, "म्हणजे... खोली... माझी?"

"खोली नव्हे, सगळं घर."

"मग दाराला... कडी. आतून."

नऊ वर्षे त्या खोलीत आम्ही सगळे न विचारता जातो. मी ऊन मोजले, वारा मोजला, हे मला सुचले नाही. काल आत्मारामनी खाटेवरून तिला डाव्या हाताने ओढता येईल अशी दोरीची कडी बसवली. अडचणीच्या वेळी ती बाहेरूनही उघडता येते, पण अडचण असेल तेव्हाच. ही कडी कोणीही काढू नये.

संध्याकाळी मी तिचे दूध घेऊन गेले, तर दार बंद. मी दार वाजवले.

"कोण?"

"मी. वहिनी."

"थांब जरा," आतून उत्तर आले.

मी थांबले. माझ्यानंतर प्रत्येकाने थांबावे.

वरील मजकूर मी स्वतः लिहून, पुन्हा वाचून, दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली आहे. त्यांनीही माझ्यासमक्ष सह्या केल्या आहेत. यापूर्वीचे माझे कोणतेही मृत्युपत्र नाही.

ठिकाण: मालगुंड, जि. रत्नागिरी
दिनांक: १२ फेब्रुवारी २०२५

(सही) कुसुम राजाराम शेवडे

साक्षीदार:
१. (सही) डॉ. हर्षद मनोहर पित्रे, रत्नागिरी
२. (सही) विनोद शंकर मयेकर, शेजारी, मालगुंड