पिल्लाच्या पायाची पट्टी

३ मे

चि. धाकट्यास,
ताईचे अ. उ. आ. वि. वि.

आम्ही दोघी बऱ्या आहोत. म्हणजे आईची कंबर होती तशीच आहे आणि जीभही. सकाळी तिला उठवून बसवताना माझा खांदा भरून येतो, आणि ती रोज न चुकता सांगते की धाकटा असता तर त्याने अलगद उचललं असतं.

त्यात घरी पाहुणा आलाय. घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं! शेजारच्या सुतारकाकांनी अंगणातले किडे खायला गिनी कोंबड्या पाळल्यात. अंगभर पांढरे ठिपके आणि आवाज गंजलेल्या करवतीचा. त्यातलं एक दहा दिवसांचं पिल्लू फाटकात सापडलं, उजवा पाय मोडला. बाकीच्या त्याला टोचायला लागल्या, तेव्हा काका त्याची मान मुरगळायला निघाले. आईने खिडकीतून असा काही गहजब केला की बिचाऱ्यांनी ते आमच्याच दारात आणून ठेवलं. हुकूम आईचा, करणारी मी. खराट्याच्या काडीचे दोन तुकडे पायाला लावले, वरून अस्तराच्या कापडाची पट्टी गुंडाळली आणि सुटू नये म्हणून दुहेरी दोऱ्याने टाके घातले. शिवणारणीच्या हातची डॉक्टरकी अशीच व्हायची. बुटांच्या खोक्यात, दिव्याच्या उबेला, आईच्या पलंगाशेजारी ठेवलंय. उकडलेलं अंडं कुस्करून दिलं की खातं.

आता मुद्द्याचं. मुलींच्या वसतिगृहात शिवणवर्गाची जागा मला मिळाली, राहायला खोलीसकट. एक जूनला हजर व्हायचं आहे. मागच्या खेपेला तू आपणहून म्हणाला होतास की मला कुठे काम मिळालं तर आईला तू घेऊन जाशील. अठ्ठावीस मेपर्यंत ये. बारा वर्षांत तुझ्याकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट. पिल्लाचं विसरलास तरी चालेल, हे विसरू नकोस.

लोभ आहेच; या खेपेला तारीख पाळून दाखव.
तुझी ताई

९ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र जेवताना वाचून दाखवलं, पुलाच्या कामावरचे सगळे पोट धरून हसले. अस्तराची पट्टी म्हणजे कमाल आहे! जागेबद्दल अभिनंदन. अठ्ठावीसला बहुतेक जमेलच, साहेबांच्या कानावर घालून ठेवलंय.

पण पिल्लाचं एक सांगतो. पट्टी निदान चार आठवडे अजिबात सोडायची नाही. शाळेत माझा हात मोडला होता तेव्हा प्लास्टर तसंच ठेवलं म्हणून तो सरळ जुळला. मधेच सोडलं की हाड वाकडं बसतं. तुला सारखं उघडून बघायची खोड आहे म्हणून आईला वेगळी चिठ्ठी लिहिली आहे. तिने लक्ष ठेवावं.

मोठ्या बहिणीने रागावू नये, ही विनंती.
तुझा धाकटा

१८ मे

चि. धाकट्यास,
अ. आ. वि. वि.

तुझी चिठ्ठी आईने दिवसातून तीनदा वाचली. देवाच्या पोथीलाही एवढा मान मिळाला नसेल.

पिल्लू दुप्पट झालंय. पाठीवरचे तपकिरी पट्टे जाऊन ठिपके डोकावताहेत. पंख वाढले, मान वाढली, पायही जाड झाला. पट्टी मात्र मी घातली तेवढीच आहे! ती पायात रुतते आहे. वरची बाजू सुजली आणि बोटं हाताला गार लागतात. अरे, तुझा हात मोडला तेव्हा तू अकरा वर्षांचा घोडा होतास, महिनाभरात दुप्पट झाला नव्हतास. अंगावर दाटणारा कपडा उसवून सैल करायचा, हे मला कुणी पत्राने शिकवायला नको. तीस वर्षं तेच करते आहे.

टाके उसवायला मी कात्री घेतली तर आईने रडून घर डोक्यावर घेतलं. धाकट्याने लिहिलंय चार आठवडे, मग चार आठवडे. मी म्हटलं, धाकट्याने पाय पाहिलेला नाही. तर म्हणाली की त्याला न पाहता जे कळतं ते तुला पाहूनही कळत नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या पलंगाशी ठेवलेली माझी कात्री गायब. दोन दिवस गिऱ्हाइकांचे कपडे पडून आहेत आणि ती बाई पलंगावर बसून मला काही ठाऊक नाही म्हणते. तिच्या उशाशी असलेली फळं कापायची सुरीसुद्धा सापडत नाही. तू उंटावरून शेळ्या हाकतोस आणि इथे शेळीचा पाय जातो आहे. ताबडतोब आईला दोन ओळी लिही की ताईला पट्टी सोडू दे. माझं ऐकणार नाही, तुझं ऐकेल.

आणि अठ्ठावीस. बहुतेक नको, नक्की लिही.
ताई

२३ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रागावू नकोस, पण अठ्ठावीसला जमत नाही. दोन खांबांवरचं काम ऐन मोक्यावर आहे. आईला इथे आणायचं म्हणजे जिना, डॉक्टर, बघणारं माणूस, सगळंच आलं. तू इतकी वर्षं केलंस, आणखी दोन-तीन महिने सांभाळून घे. वसतिगृहवाले थांबतील, शिवण काही कुठे पळून जात नाही.

पट्टीचं म्हणशील तर थोडी सूज येतेच. मलाही आली होती. आता थोडेच दिवस राहिलेत, कशाला घाई? आईला तसंच कळवलं आहे.

तुझ्यावर घर टाकून निर्धास्त असणारा,
धाकटा

२९ मे

धाकट्यास,

तुझं पत्र काल आलं. आईने ते उशीखाली ठेवायला उशी उचलली तेव्हा तुझी सगळी पत्रं दिसली आणि त्यांच्या मधोमध माझी कात्री. मी ती ओढून घेतली. तिने मनगट धरलं. माझ्या आईचा हात झटकून माझी कात्री मी हिसकावून घेतली, हे तुला कळावं म्हणून लिहिते.

पट्टी कापली. खालचा पाय काळा, वाळल्या काटकीसारखा. पिल्लू ओरडलंसुद्धा नाही. तिथे दुखायला काही उरलंच नव्हतं. आज सकाळी तो आपोआप गळून पडला. तेवढा तुकडा मी अंगणात पुरला आणि आत येऊन आईला आंघोळ घातली.

चूक तुझी एकट्याची नाही. टाके मी घातले होते आणि कापायला दहा दिवस उशीर केला. सुतारकाकांची धारदार पटाशी पाच पावलांवर होती. पण घरात तुझ्या परवानगीवाचून काही करायची माझीही सवय गेली आहे.

वसतिगृहाने पंधरा जूनपर्यंत थांबतो म्हणून कळवलंय. त्यानंतर जागा दुसरीला.
ताई

७ जून

चि. राजास,
आईचे अनेकानेक आशीर्वाद.

हात कापतो म्हणून ताईकडून लिहवून घेते आहे. तुझी तब्येत सांभाळ. उन्हात टोपी घालत जा.

त्या पिल्लाचा पाय शेवटी गेला रे. तू चार आठवडे सांगितले होतेस, हिने तीन दिवस आधीच कापाकापी केली. हिला पहिल्यापासून धीर नाही. तू इथे असतास तर पाय नक्की वाचला असता. आता ते एका पायावर उड्या मारत हिच्याच मागे फिरतं. ही स्वयंपाकघरात गेली की खोक्यातून केवढं ओरडतं!

ताई आताशा घुश्शात असते. त्या वसतिगृहाचं खूळ डोक्यात आहे. मी म्हणते, या वयात आता कुठली नोकरी? दोन दिवसांत विसरेल. तू माझी काळजी करू नकोस, जिवाची ओढाताण करून येऊ नकोस. सवडीने ये. इथे ताई आहेच. लोभ असावा.

तुझी आई

ता. क. वरचं सगळं आईने सांगितलं तसं लिहिलं आहे, एक अक्षर इकडचं तिकडे केलेलं नाही. वाचून दाखवलं, तेव्हा म्हणाली की अक्षर बरं काढलंयस.

मी चौदा तारखेला सकाळच्या गाडीने निघते. पिल्लू बरोबर नेते. वसतिगृहाच्या बाईंना विचारून घेतलंय. किल्ली सुतारकाकूंकडे असेल. त्या चार दिवस आईचं सगळं पाहतील, अठरा तारखेच्या संध्याकाळपर्यंत. पुढे त्यांना लेकीकडे जायचं आहे, त्या थांबणार नाहीत. आंघोळीचं पाणी कोमट लागतं, आणि उठवताना डाव्या बाजूने हात घालायचा, उजव्या नाही. तुला अलगद जमतं म्हणे.

आईला अजून काही सांगितलेलं नाही. तू उलट टपाली लिहून कळव. तुझं ऐकते ती.

वरचा लोभ आईचा आहे. मला आता तो मागायचा नाही.
ताई