नसलेल्या सबस्टेशनातली ड्यूटी

४ मार्च

टायवाल्याला अक्कल नाही. केस नाहीत त्याला तो काय करणार, पण अक्कल कमावता येते! सुनेच्या संशोधन संस्थेचा हा प्रमुख. आज तिला म्हणाला म्हणे — महिनाअखेरपर्यंत एकही चोर सापडला नाही तर प्रकल्प बंद. प्रकल्प बंद म्हणजे तिची नोकरी बंद. इथे दुसरी आहे कुठे? म्हणजे दुसरं शहर. म्हणजे मी आणि भिंती.

मुलगा गेला तेव्हा तिच्या माहेरचे तिला न्यायला आले होते. गेली नाही. "आईंच्या हातचा चहा तिकडे मिळत नाही," एवढंच म्हणाली. माझा चहा कसा असतो ते मला ठाऊक आहे.

५ मार्च

तिनं काम पुन्हा समजावलं, मी पुन्हा ऐकलं. विजेचं सगळं जाळं आता कॉम्प्युटरवर. कोणी आत शिरला की बसल्या जागी शहर अंधारात. म्हणून हिनं एक खोटं सबस्टेशन उभं केलंय. तारा नाहीत, ट्रान्सफॉर्मर नाही, वस्त्यांना वीज नेणारे फीडर नाहीत, नुसते पडद्यावर आकडे. चोरानं ते खरं समजून शिरायचं, तो कुठल्या वाटेनं आला ते हिनं टिपून ठेवायचं आणि तीच वाट खऱ्या सबस्टेशनांत बुजवायची. पण चोर नुसते डोकावतात आणि निघून जातात.

८ मार्च

का जातात ते तिला जेवताना सुचलं. घास हातातच राहिला. तिच्या सबस्टेशनात माणूसच राहत नाही! नोंदी तासाच्या ठोक्याला, चूक नाही, उशीर नाही, तक्रार नाही. चोराला संशय येणारच. मग माझ्याकडे बघत राहिली. माझा जन्म सबस्टेशनच्या कंट्रोल रूममध्ये गेला.

"आई, तुमच्यासारखी कुरकुर मशीनला नाही हो जमत."

स्तुती की टोमणा, अजून ठरायचंय.

९ मार्च

रुजू झाले! जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर. दर तासाला नोंद, शेजारी शेरा. आजचे शेरे: "पंखा परत बंद. सांगायचं कोणाला?" "दोन नंबरचा फीडर रुसलाय." "मागच्या पाळीच्या महाशयांनी खुर्ची पार खाली करून ठेवलीय. पाय यांचे आखूड, शिक्षा मला."

मागच्या पाळीला कोणीही नाही. तरी त्याचा राग आला — खराखुरा.

कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी शिकवलं होतं, रागातसुद्धा वाक्य पूर्ण करावं. करतेय.

१४ मार्च

कोणी फिरकलं नाही. चोरांनाही शिस्त उरलेली नाही.

२२ मार्च

टायवाल्याचा फोन. घरातल्या म्हातारीला बसवलंय, याला संशोधन म्हणतात का, असं विचारत होता. सून शांतपणे "हो" म्हणाली. मी असते तर आणखी चार शब्द घातले असते. पण त्या "हो"नं माझं पोट भरलं. निवृत्त झाल्यापासून मला कामाचं कोणी काही विचारलं नव्हतं.

२६ मार्च

आला!

सकाळीच. काही केलं नाही, नुसता माझे शेरे वाचत बसला. पहिल्यापासून शेवटपर्यंत. इतकं मन लावून मला आजवर कोणी वाचलेलं नाही. सून माझ्या कानाशी कुजबुजली, नेहमीसारखंच लिहा. मी लिहिलं: "चहाला जाते. मागे काही बिघडलं तर माझ्या नावानं खडे फोडू नका."

आणि खरोखर उठले. आधण ठेवलं. साखर निम्मी भांड्यात, निम्मी ओट्यावर.

परत आले तर एकेक फीडर बंद होत होता. माझी पाठ फिरायची वाट बघत होता मेला! सून हसतही होती, रडतही होती. तो ज्या वाटेनं शिरला ती खऱ्या सबस्टेशनांतही उघडी होती. तिनं फोन लावले. दुपारपर्यंत सगळीकडे बुजवली.

खिडकीतून पाहिलं. समोरच्या इस्पितळात दिवे चालू, लिफ्ट वरखाली. कोणाला काही पत्ता नाही. देवा, तुझे आभार. आणि या पोरीचे.

२९ मार्च

प्रकल्प वाचला. टायवाला स्वतः फुलं घेऊन आला. बसला, माझा चहा प्यायला, दुसरा मागितला नाही.

तो गेल्यावर सुनेनं हळूच सांगितलं. देशाचं मुख्य वीज नियंत्रण केंद्र तिला बोलावतंय. सगळ्या जाळ्याची राखण तिच्याकडे. खूप लांब आहे.

"नाही म्हणून कळवणार आहे उद्या. तुम्हाला सोडून कुठे जाऊ?"

मी गप्प बसले. मी! आनंद झाला, लिहूनच टाकते. भांडी पुसताना गुणगुणत होते.

३१ मार्च

केंद्राच्या साहेबांना काल सकाळी मीच फोन केला. सून सोमवारी रुजू होतेय म्हणून सांगितलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाहीये. बॅग मात्र भरतेय.