आईची हनुवटी

प्रिय प्रतीक्षा,

पाचव्यांदा वाजून फोन थांबला, आणि मी ओल्या हातांनी तुझ्या नावाकडे बघत उभी राहिले. उचलला असता तर तुला फक्त श्वास ऐकू आला असता.

दोन महिन्यांपूर्वी लोणावळ्यात माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. तुला कळवलं नाही. भुलीत मी बेडशाच्या लेण्यात होते. बुद्धवंदना म्हणत होते, पण प्रतिध्वनी आधी येत होता आणि आवाज मागून, लांबून, कुणी खांबांमधून चालत यावं तसा. जाग आली तेव्हा आवाज पोचलाच नव्हता.

भूल देणाऱ्या राजेश्वरी मॅडम स्वतः खाटेशी येऊन बसल्या. म्हणाल्या, ऑपरेशनच्या वेळी श्वासाची नळी घशात जाईना. दोनदा प्रयत्न फसल्यावर त्यांनी आधी एक बारीक, लवचिक कांडी आत सारली आणि तिच्यावरून नळी सरकवली. श्वास मिळाला. पण कांडीने स्वरयंत्रातला एक छोटा सांधा जागचा हलला आणि आवाज गेला. त्यांनी काही झाकलं नाही. माझी हनुवटी बोटांत धरून म्हणाल्या, "ही अशी आत गेलेली, तोंडही पुरतं उघडत नाही. घरात आणखी कुणाची आहे अशी?"

मी नाही म्हणून मान हलवली.

आता विहारात पोरंच वंदना घेतात. शेजारचे धोंडिबाभाऊ म्हणाले, "ताई, तुमी नुसत्या म्होरं बसा. पोरं चाल लय पळवत्यात, तुमाला बघून तरी दमानं घेतील." मी बसते. डोळे मिटले की आई येते. हनुवटी तेवढी वर करते, तू करतेस तशी.

ती गेल्यावर, तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला मी तुला वंदना म्हणू दिली नाही. तुझ्यापेक्षा माझा आवाज बरा आहे, म्हणाले, सगळ्यांदेखत. तुला वाटतं, मी त्या भांडणावरून अजून रागावले आहे, म्हणून फोन उचलत नाही. वाटू दिलं. ते सोपं होतं.

काल धोंडिबाभाऊ सांगत होते, तू वराळ्यात तुझ्या घराजवळ भेटलीस, गुरुवारी तुझं पित्ताशयाचं ऑपरेशन आहे. म्हणून लिहितेय. नळी घालताना काय अडचण आली ते मॅडमनी लिहून दिलंय, तो कागद सोबत आहे. भूल द्यायच्या आधी दाखव. आपल्या दोघींची हनुवटी एकच आहे, हे सांग. आधी कळलं तर तू जागी असतानाच, घसा बधिर करून, दुर्बिणीतून बघत नळी घालता येते. कागदाचा नुसता फोटो मोबाइलवर पाठवला असता तर त्यामागचं तुला कळलं नसतं.

तुझीच,
शालनताई

दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडिबाभाऊ वराळ्याला निघाले. पत्र मी त्यांच्या हातात दिलं नाही. ते घेऊन मीच त्यांच्या गाडीवर मागे बसले.