गालावर हात ठेवलेला फोटो

गोथेनबर्ग, मे १९३६

सिग्नेताई,

लांबूनच नमस्कार (वाकलं की कंबर धरते, तेव्हा वाकलो असंच समज). तुझा खोकला कसा आहे? स्टॉकहोमची हवा तुला कधी मानवली नाही, पण तू ऐकशील तर ना! तुझी भावजय ब्रिता मजेत आहे. दुकान बरं चाललंय. माणसांच्या दाढ्या काही वाढायच्या थांबत नाहीत.

तुझा तो गालावर हात ठेवलेला फोटो अजून आरशाच्या वर आहे. गुरुवारी त्यावरून मोठं रामायण झालं. बंदरातले कप्तान हेडलुंड खुर्चीत होते, अर्धी दाढी झालेली. फोटोकडे बघून म्हणतात, "ही जर्मन नटी. हिला मी हाम्बुर्गला पाहिलंय." मी म्हटलं, "अहो, ही माझी सख्खी बहीण." तर म्हणे, "मग मी डेन्मार्कचा राजा!" (हातात वस्तरा असताना माणसाने किती सोसावं?) शेवटी पैज लागली. मी हरलो तर फोटो खाली उतरवायचा. कप्तान तसेच, एका गालावर फेस घेऊन, माझ्याबरोबर रस्ता ओलांडून, तो फोटो काढणाऱ्या एब्बाबाईंच्या स्टुडिओत आले. बाई आता थकल्यात, पण जिभेला धार तीच. फोटो बघताच म्हणाल्या, "सिग्ने! उजवी दाढ सुजून गाल बटाट्याएवढा झालेला. तो झाकायला हात ठेवायला लावला. डोळ्यांत पाणी आलं, ते दाढेचं. लोक मेले विरह समजले!"

मी हसून हसून भिंतीला टेकलो. आठवतं ना, ताई? तुझा मूकपट आला तेव्हा तो फोटो दुकानादुकानांत लागला आणि गावातली प्रत्येक पोरगी गालावर हात ठेवून फोटो काढायला लागली. सगळं गाव दाढदुखीने आजारी असल्यासारखं दिसायचं. तुझं नाव घेतलं की खाटीकही मला चांगला तुकडा द्यायचा.

कप्तान मात्र हसले नाहीत. हळूच म्हणाले, "माझ्या बायकोने लग्नाआधी मला अगदी असाच फोटो दिला होता. गेल्या हिवाळ्यात गेली ती. मला वाटायचं, माझ्या आठवणीने डोळे भरलेत." एब्बाबाईंनी त्यांच्या गालावरचा वाळलेला फेस आपल्या रुमालाने पुसला आणि म्हणाल्या, "तुमच्या बायकोची दाढ ठणठणीत होती, कप्तान. तिचा फोटोही मीच काढला. ते पाणी खरं होतं."

खरं की खोटं, देव जाणे. कप्तान परत आले, उरलेली दाढी करून घेतली आणि जाताना फोटोला टोपी काढून सलाम केला.

सांभाळून राहा.

तुझा धाकटा,
एवर्ट

ता. क. कप्तानांनी विचारलं, ताई इकडे कधी येतात? माझ्या तोंडून निघून गेलं की उन्हाळ्याच्या सणाला येणार आहे. आता ते बायकोचा फोटो तुला दाखवायला आणणार आहेत. माझी लाज तुझ्या हातात.

ता. क. २. कप्तानांचं निमित्त आहे गं. बोलपट आल्यापासून तू कुणाला तोंड दाखवत नाहीस, पत्रालाही उत्तर नाही. ब्रिताने वरची खोली झाडून ठेवलीय. मी म्हटलं, आधी ताईचं उत्तर तर येऊ दे. ती म्हणाली, "उत्तराची वाट बघत बसलात तर पुन्हा धूळ साचेल. गाडीची वेळ कळवा म्हणावं, बस्स."