साहेबांच्या पणजोबांची फॉली

मनामा, बहारीन, सोमवार, १२ मार्च १९७९

साहेबांच्या इंग्लंडमधल्या वडिलोपार्जित घराचा इतिहास मी रोज दुपारी टाइप करते. एका लोकरीच्या व्यापाऱ्याने ते बांधलं, मग जावयाकडे गेलं, शेवटी साहेबांच्या वडिलांनी विकलं. आज वाक्य आलं की पणजोबांनी बागेच्या टोकाला 'फॉली' बांधली. फॉली म्हणजे मूर्खपणा, एवढं मला कळतं. पण मूर्खपणा बांधतात कसा? मी आपलं 'मूर्खपणा केला' असं दुरुस्त करून दिलं.

साहेब पोट धरून हसले. "आग्नेस, फॉली म्हणजे मुद्दाम बांधलेला पडका बुरूज. नवाकोरा, पण बिनछपराचा. पाहुण्यांनी फिरताना बघावा म्हणून."

"मग राहायचं कोण त्यात?"

"कोणीच नाही."

गवंड्यांना काय सांगितलं असेल? इथवर बांधा आणि आता मोडा?

मग त्यांनी आमच्या घराचं विचारलं. मी पर्समधला वसईच्या अर्धवट बांधलेल्या घराचा फोटो दाखवला. भिंती उभ्या, छप्पर नाही. साहेब कौतुकाने म्हणाले, "अरे, तुमचीही फॉली आहे की!"

मीही हसले. का हसले?

संध्याकाळी माझा नवरा पास्कोल सित्राहून कामावरून कंपनीच्या बसने आला, तेव्हा त्याला सांगितलं. बूट काढत तो म्हणाला, "छप्पर पुढच्या लिव्हला गावी गेलो की, इंशाल्ला." हे चौथ्यांदा.

आत्ता तो फोटो पुन्हा पर्समधून काढून बघितला. छप्पर नाहीच. पण खाली, आमच्या हॉलच्या मधोमध, आई उन्हात छत्री उघडून उभी आहे. साहेबांना ती दिसली नाही. हसताना मलाही दिसली नव्हती.